लमोमच्या गाडीची निसरडी पायरी

लमोम म्हणजे सौम्य, मवाळ. नाव ठेवताना आईबापांनी पोरीचं रडणं ऐकलं नसावं, असं आमच्या बान ना थोम गावात सगळे म्हणतात. मी तिची शेजारीण सुनी. बाजारात तांदळाच्या शेवया आणि माशाचं कालवण विकते. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी माझं कालवणाचं पातेलं आणि मी तिच्याच गाडीतून बाजाराला जातो. त्यामुळे तिचा आवाज मला कोंबड्याच्याही आधी ऐकू येतो.

नवरा गेला तेव्हा लमोम चाळिशीची होती आणि तिला सायकलसुद्धा धड येत नव्हती. नवऱ्याची पिकअप दारात उभी. मागे दोन बाकडी, वर निळं छप्पर. दीर म्हणाला, "वहिनी, गाडी विकून टाका. बाईमाणसाला काय करायचीय?" लमोमने त्याच्यासमोर किल्ली घेतली, गाडी सुरू केली आणि थेट त्याच्या केळीच्या बागेत घातली. पाच-सहा केळी आडव्या झाल्या. "वळवायला उद्या शिकते," ती म्हणाली. आणि खरंच शिकली. तेव्हापासून गावातून बाजारापर्यंत माणसं, कोंबड्या, रबराच्या शीटा, उग्र वासाच्या सातोच्या शेंगांचे भारे, सगळं तीच नेते. एखादा उशिरा आला तर हॉर्न वाजवत नाही. खिडकीतून त्याच्या आईचं नाव घेऊन हाक मारते. ते हॉर्नपेक्षा लवकर लागू पडतं.

तिचा मुलगा दनय हात्याय शहरात, गाड्या सजवायच्या दुकानात काम करतो. सोंगक्रानला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, घरी आला तेव्हा त्याने आईसाठी भेट आणली. गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या स्टीलच्या लांब पायऱ्या, आणि मागे चढायला एक रुंद पायरी. जुन्या पायऱ्या गंजून त्यांना भोकं पडली होती, आणि एकदा माझी चप्पल त्यातल्या एका भोकात कायमची गेली होती. नव्या पायऱ्या म्हणजे आरसा! मुली चढायच्या आधी वाकून ओठांची लाली बघायच्या. लमोम रोज सकाळी त्यांना नारळाचं तेल लावून फडक्याने घासायची.

"तेल कशाला लावतेस गं?" मी विचारलं.

"चकाकी टिकते. दनयने आणल्यात त्या पायऱ्या. तुझ्या पातेल्याला असं कुणी पुसतं का?"

मग पाऊस लागला. आमच्याकडे पाऊस लागला की तो पाहुण्यासारखा येत नाही, जावयासारखा येतो आणि ठाण मांडून बसतो. आणि लमोमच्या गाडीवरून माणसं पडू लागली.

पहिली पडले मी. पाय सटकला, मी बसले खाली, पातेलं मात्र मांडीत घट्ट धरलेलं. कालवणाचा एक थेंब सांडला नाही. लमोम वळून म्हणाली, "कालवण ठीक आहे ना?" मी कशी आहे ते विचारायला ती विसरली. मग शाळेतली बाई पडली, मग टपालवाला, मग डुकरं विकणारा एक जाडजूड माणूस, तो पडला तेव्हा गाडीच हलली. दर वेळी लमोमचं एकच म्हणणं: "पायरीचा काय दोष? लोकांना चालता येत नाही. पायाकडे बघा जरा!"

लोक हसत, कपडे झटकत, पुन्हा चढत. एवढ्यावर गोष्ट मिटली असती. पण एका सकाळी गाडीला हात दाखवला नाय प्रिमने.

सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या मंडळीच्या प्रमुखाला आमच्याकडे नाय म्हणतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे कातड्यातून कोरलेल्या बाहुल्या, आणि राजा, राणी, राक्षस, विदूषक या सगळ्यांचे आवाज एकटा नाय काढतो. प्रिमचा आमच्या पट्ट्यात मोठा मान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, साठी ओलांडलेली, पण मिशी काळीभोर. ती कशाने काळी राहते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी तालुक्याला त्याचा सत्कार होता. रेशमी लुंगी, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर बाहुल्यांची चपटी बांबूची पेटी.

त्याने बाजूच्या पायरीवर पाय ठेवला आणि पाय त्याला सोडून पुढे निघून गेला. प्रिम चिखलात बसला, पण दोन्ही हात वर, आणि हातांत बाहुल्यांची पेटी, अगदी कोरडी. आणि लमोम हसली. साधं हसली नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली, तेव्हा हॉर्न दाबला गेला आणि तोही तिच्याबरोबर वाजत राहिला.

प्रिम उठला. लुंगीकडे पाहिलं. मग फार शांतपणे म्हणाला, "हसून घ्या, लमोमबाई. पोटभर हसा. लोकांना हसवणं हा माझा धंदाच आहे."

"धंदा छान चाललाय की तुमचा, नाय!" लमोम डोळे पुसत म्हणाली. "तिकीटसुद्धा लावलं नाहीत!"

तो चिखलाच्या लुंगीतच सत्काराला गेला.

त्याच आठवड्यात देवळाची जत्रा होती आणि प्रिमचा खेळ. अंधार पडताच आम्ही सगळे चटया टाकून बसलो. लमोम पुढच्या रांगेत, हातात भोपळ्याच्या बियांचा पुडा. राजकन्येला राक्षसाने पळवलं, राजपुत्र रडला, आणि मग आला ढेरपोट्या विदूषक, आमच्याच बोलीत बोलणारा. तो मेला होता म्हणे आणि स्वर्गाच्या दाराशी पोहोचला होता.

"काय हो द्वारपाल," विदूषक म्हणाला, "इथे एवढी शांतता का? गर्दी कुठे गेली?"

"काय सांगू बाबा," द्वारपाल म्हणाला. "पुण्यवान माणसं रोज येतात. पण दाराला नवी पायरी बसवलीय. आरशासारखी. पाय ठेवला की सरळ खाली! कालच एक मोठे भिक्खू आले होते, ते आत्ता परत जन्माला आले असतील."

"अरे देवा! पायरी बसवली कुणी?"

"बान ना थोमची एक बाई आहे. नाव सौम्य, बोलणं तापल्या तव्यासारखं. वर नारळाचं तेल लावते रोज!"

अख्खं मैदान लोळलं. मी हसू दाबायला खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला, तरी आवाज आलाच. लमोम उठली. ताठ मानेने गाडीपर्यंत गेली. आम्हाला वाटलं, घरी निघाली. पण राजपुत्राने आपलं विरहाचं गाणं सुरू केलं मात्र, आणि तिने हॉर्न दाबला. गाणं थांबलं की हॉर्न थांबे, गाणं सुरू की हॉर्न सुरू. शेवटी देवळाचे मुख्य भिक्खू स्वतः तिच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. नुसते उभे राहिले. तेव्हा ती थांबली.

दुसऱ्या दिवशी लमोमने पायरीला दुप्पट तेल लावलं. हट्ट म्हणजे हट्ट. मला वाटतं, पायरीला नावं ठेवली की तिला दनयला नावं ठेवल्यासारखं वाटायचं. पोरगं वर्षातून एकदा येतं, आणि आल्यावर गाडीखाली आडवं पडून पायऱ्या बसवतं. ते कसं बोलून दाखवायचं?

पण मग याय पुत पडल्या. याय म्हणजे आमच्याकडे आजी. गावातल्या सगळ्यांच्याच त्या आजी. ऐंशी उलटलेल्या, काडीसारख्या, विड्याची पानं विकायला बाजारात जायच्या. मागच्या पायरीवरून उतरताना सटकल्या. पानं चिखलभर पसरली. हाड मोडलं नाही, पण त्या बराच वेळ उठल्या नाहीत, नुसत्या पानांकडे बघत राहिल्या. लमोम धावली, त्यांना उचलायला वाकली. याय पुतनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"उद्यापासून मी चालत जाईन हो लमोम," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते लागलं.

आणि त्या खरंच चालत निघाल्या. दुसऱ्या सकाळी डोक्यावर पानांची टोपली, हातात मोडकी छत्री, रस्त्याच्या कडेने. लमोमने गाडी त्यांच्या बाजूने, गोगलगाय चालावी तशी चालवली.

"याय, बसा ना. मी उचलून बसवते."

"मी काय कोंबडी आहे?"

"पुढे बसा, माझ्या शेजारी."

"पुढचीपण चकाकतेय."

"मी पायरीवर टॉवेल अंथरते!"

"तू बाजाराला जा बाई. तुझ्या गाडीतल्यांचं कालवण गार होतंय."

माझंच कालवण ते. मी पातेल्यावरचं झाकण घट्ट दाबून बसले.

त्या दुपारी लमोमने तेलाची बाटली परसात रिकामी केली आणि कामाला लागली. आधी काथ्याचं पायपुसणं तारेने बांधलं. पाय सटकेना, पण पावसाने ते भिजलं, सडलं, आणि गाडीला असा वास सुटला की सातो विकणाऱ्या बाईनेसुद्धा नाक दाबलं. मग तिने नदीची रेती आणली आणि तेलरंगात कालवून पायऱ्यांना फासली. रंग वाळायला दोन दिवस लागतील, असं दुकानदार म्हणाला होता. लमोमला धीर कुठला! सकाळी शाळेतली बाई पायरीवर चढली ती तिथेच राहिली. पाय वर, सँडल खाली. ओढून काढले तर सँडलचा तळ पायरीवर. आणि रंग वाळला तेव्हा तो असा खरबरीत झाला की टपालवाल्याची नडगी सोलून निघाली. "ही पायरी आहे की खवणी?" तो ओरडला. लमोमने तो सगळा रंग पत्र्याने खरवडून काढला, आणि दनयच्या आरशावर ओरखडेच ओरखडे उठले. ते पाहून ती पायरीवर हात ठेवून थोडा वेळ बसून राहिली.

मग तिला वाटलं, आपण रबराच्या मुलखात राहतो, बाहेर कशाला शोधायचं? रबराच्या झाडाच्या चिकाची लाटलेली शीट तिने आणली, तिच्यावर आपसूक रेघोट्या असतात, आणि ती चिकटवली. पावसात ती छान चालली. पण एके दिवशी कडक ऊन पडलं आणि कच्चं रबर गुळाच्या पाकासारखं झालं. डुकरंवाला उतरायला गेला तर त्याच्या पायाबरोबर आख्खी शीट निघाली आणि तो ती लांबच लांब ताणत बाजारात शिरला. मागून लमोम, "सोडा, सोडा माझी शीट!"

हे सगळं रोज चहाच्या टपरीवर प्रिमच्या कानावर जात होतंच. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता पुढच्या खेळात विदूषकाला वर्षभराचा माल मिळाला.

एका दुपारी तो तिच्या अंगणात आला. मी पातेलं परत न्यायला तिथेच होते. त्याच्या काखेत भातगिरणीच्या जुन्या पट्ट्याची गुंडाळी, आणि हातात बाहुल्या कोरायच्या हत्यारांची कापडी पिशवी.

लमोमने त्याला खालून वर पाहिलं. "काय हो नाय, स्वर्गाच्या दारातून आलात वाटतं? पडलात की काय पुन्हा?"

"याय पुत चालत जाताना दिसल्या," प्रिम म्हणाला. "खेळात मी त्यांच्याच पडण्यावर हसवलंय असं वाटलं मला. त्या तर नंतर पडल्या, पण वाटलं."

लमोमने बाजूला सरून त्याला अंगणात वाट दिली.

"हा पट्टा आतून कापडाचा आहे," तो पुढे म्हणाला. "उन्हात वितळणार नाही. पण नुसता लावलात तर ओला झाल्यावर हाही सटकेल. भोकं पाडावी लागतील. भोकाची कड पायाला धरते."

"भोकं? आणि पाणी त्यात साचलं म्हणजे?"

"खाली पायरीलाही पाडायची. म्हणजे पाणी खाली जाईल."

"दनयच्या पायरीला भोक?" लमोम पायरीपुढे अशी उभी राहिली जणू तो लेकरालाच टोचणार होता. प्रिम अंगणातल्या ओंडक्यावर बसला, पट्टा पसरला आणि छोट्या गोल पोगराने एक-एक भोक पाडू लागला. टक, टक, टक. बाहुलीच्या दागिन्यांची नक्षी पाडतात तशीच, वेलीसारखी. लमोम बघत राहिली. मग आत गेली, रॉकेलची बाटली आणि पॉलिश कागद घेऊन आली, आणि पायरीवरचं मुरलेलं तेल पुसून ती घासायला बसली. थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, म्हणाली, "ड्रिल शेजारच्या वीनकडे आहे. पण भोकं कमी पाडा."

संध्याकाळपर्यंत काम चाललं. मी कालवण तिथेच वाढलं. पायरी खरवडून कोरडी केली, सोल्युशन लावून पट्टा दाबला, कडांना चपट्या डोक्याचे बोल्ट आवळले, कुणाची बोटं अडकू नयेत असे. बोल्ट आवळता आवळता त्यांचं भांडण जुंपलं.

"जरा सरळ आवळा ना!"

"सरळच आहे. तुमची मान वाकडी आहे."

"मिशीचा रंग उतरून पायरीवर पडतोय तुमच्या!"

"पडू दे, काळ्या रबरावर दिसत नाही."

कधीतरी मध्येच 'तुम्ही'चं 'तू' झालं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

ड्रायव्हरच्या बाजूची पायरी प्रिमने सगळ्यात शेवटी लावली. लमोमने दिवा आणून पाहिलं तर नक्षीच्या मधोमध एक बाई, कमरेवर हात, तोंड आ वासलेलं.

"ही कोण?"

"राक्षसीण," प्रिम म्हणाला. "जुनी नक्षी आहे. आमच्या घराण्यात चालत आलेली."

"तिच्या हातात किल्ली आहे!"

"राक्षसिणींना किल्ल्या नसतात असं कुठे आहे?"

मला वाटलं, आता पाना फेकून मारते. पण ती वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नाक बरं काढलंयस."

दुसऱ्या सकाळी रिमझिम होती. गाडी याय पुतच्या दाराशी उभी राहिली. लमोमने हाक मारली नाही. नुसती गाडी बंद करून बसून राहिली. आम्ही मागचे सगळे माना बाहेर काढून. याय पुत बाहेर आल्या, छत्री उघडली, पायरीकडे पाहिलं. टोपली माझ्याकडे दिली. चप्पल काढून हातात घेतली. एक पाय ठेवला. तो पाय तिथेच थांबला. दुसरा ठेवला. मग पायरीवर उभ्या राहून त्यांनी दोनदा टाचा आपटल्या.

"गुदगुल्या होतात गं," त्या म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या. टपालवाल्याने टाळ्या वाजवल्या. लमोमने गाडी इतक्या घाईने सुरू केली की आम्ही सगळे एकमेकांच्या मांडीवर गेलो. ती आरशात बघेना, म्हणून मला कळलं, तिचे डोळे भरलेत.

दनय पुढच्या सुट्टीत आला. गाडीभोवती एक फेरी मारली. "आई! माझ्या पायऱ्यांची चाळण केलीस!"

"पाऊस हात्यायला पडत नाही का रे?" लमोम म्हणाली. "तिथे माणसं उडत चढतात?"

तो पायरीवर चढला, उतरला, पुन्हा चढला. मग फोन काढून फोटो घेतले, सगळ्या बाजूंनी. आणि जाताना प्रिमच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडला, ते आईला न सांगता. अर्थात आमच्या गावात आईला न सांगता काही होत नाही.

त्यानंतर प्रिमची मंडळी खेळाला लमोमच्याच गाडीतून जाऊ लागली. ढोल, पडदा, बाहुल्या, वादक मागे. नाय पुढे, लमोमच्या शेजारी. रस्ताभर वाद. रस्ता कुठला घ्यायचा इथपासून राजकन्येने कुणाशी लग्न करायला हवं होतं इथपर्यंत. गावाने दोघांचं लग्न मनातल्या मनात केव्हाच लावून टाकलं. मी एकदा सरळ विचारलंच.

"वेड लागलंय का?" लमोम म्हणाली. "एका माणसाच्या तोंडात वीस आवाज! घरात झोप कुणाला लागेल?"

पण एका पावसाळ्यात, पलीकडच्या गावी ऐन खेळाच्या दिवशी प्रिमचा घसा बसला. राजाचा आवाज निघे, विदूषकाचा जेमतेम, आणि राक्षसिणीचा तर निघेचना. नुसती हवा. पडद्यापुढे गाव जमलेलं. वादक एकमेकांकडे बघू लागले. लमोम आणि मी पडद्यामागे चहाचे कप विसळत होतो. प्रिमने राक्षसिणीची बाहुली उचलली, पडद्याला लावली, आणि हाताने लमोमला खूण केली.

"मला काय येतं?" ती कुजबुजली.

"तुला नाही येत?" प्रिम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला पायरीवरून पडताना पाहिलंस तेव्हा जे आलं, तेच."

आणि लमोम बोलली. राजपुत्राला असं फैलावर घेतलं की तो विरहाचं गाणंच विसरला. लोकांना आधी वाटलं, नायने आज आवाजात कमाल केली. मग विदूषक आला, आणि लमोमने त्याला विचारलं, "काय रे ढेरपोट्या, मिशीला काय लावतोस? तव्याची काजळी?" हे प्रिमने लिहिलेलं नव्हतं. दिव्याच्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसत होता. तो हसत होता, आणि आवाज नसल्याने नुसतेच खांदे हलत होते.

आता दर खेळाला राक्षसीण तिचीच असते. राजकन्या कोण, राजपुत्र कोण हे विसरून लोक राक्षसीण कधी येते याची वाट बघतात. विदूषक आणि ती एकमेकांना काय बोलतील ते दोघांनाही आधी ठाऊक नसतं. गावोगावच्या बायका खेळ संपला की पडद्यामागे येतात, "ती कोण, दाखवा तरी," म्हणतात. लमोम ढोल गाडीत चढवत असते. "मी नुसती ड्रायव्हर," ती सांगते, आणि त्यांच्यातल्या कुणाला घरी सोडायचं असेल तर बसवूनही घेते.